मोरी, मावशी आणि मी

मला त्या बाईचा हेवा वाटायचा, हे आता सरळ लिहून टाकते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, छे, तिचा कसला हेवा? ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. खानदेशातल्या खेड्यातून आलेली, सातवीपर्यंत शिकलेली. नवरा जवळच्या सायली गावी सुताच्या कारखान्यात पाळीवर. मी बी.एड. झालेली, शाळेत शिकवणारी, कोकणात समुद्रकाठी वाढलेली. हेवा तिने माझा करायचा. पण माझी चौथीतली मुलगी शाळेतून आली की दप्तर आमच्या दारात टाकायची आणि चपला तिच्या दारात काढायची.

आम्ही सिल्वासाजवळ सामरवरणीत भाड्याने राहत होतो. यांची प्रशासनात कारकुनी, पण सरकारी क्वार्टर मिळायला अजून अवकाश होता. एका ओळीत पाच खोल्या, पुढे सामाईक ओटा. त्या ओट्यावर बसून ती गवार निवडायची आणि माझी लेक तिला मावशी म्हणत शाळेतलं सगळं सांगायची. मी विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही." शेजारणीची स्वतःची मुलगी गावी आजीपाशी शिकत होती. कारखान्याच्या नोकरीचा भरवसा नाही, पोरीची शाळा कशाला मोडा, असं ती म्हणायची. मला मात्र वाटायचं, स्वतःची लांब ठेवायची आणि माझी पळवायची, ही बरी सोय आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं. यांना एल.टी.सी., म्हणजे सरकारी प्रवाससवलत, मिळणार होती आणि ऑफिसातले सगळे कन्याकुमारीला जात असताना यांनी लक्षद्वीप काढलं. सहलीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की डोळ्यांवर काच, तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालची पोवळी पाहायची. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. हा शब्द आमच्या घरात तिघांनी तीन तऱ्हांनी म्हटला. लेकीने पत्रक छातीशी धरून अख्ख्या चाळीला दाखवलं.

चार दिवसांत सगळं फिसकटलं. वर्गातल्या कुणीतरी सांगितलं की तिथे शार्क असतात. त्याच आठवड्यात घरमालकांकडे केबलवर तिने कुठल्याशा इंग्रजी सिनेमाचा तुकडा पाहिला, त्यात शार्कने माणूस अर्धा नेला होता. पोरीने धसकाच घेतला. न्हाणीत पाण्याने भरलेल्या पिंपाकडे पाठ करून उभी राहीना. जेवताना मध्येच म्हणाली, "तुम्ही दोघं जा लक्षद्वीपला. मी मावशीकडे राहते."

शार्कचं सोडा, मला ते "मावशीकडे राहते" लागलं. मी त्या क्षणी ठरवलं की हिची भीती मीच घालवणार. मी आई आहे, शाळेतली बाई आहे, समुद्र माझ्या गावचा आहे. त्या शेजारणीने तर समुद्र जन्मात पाहिला नव्हता.

आधी मी शिकवून पाहिलं. पाटीवर बेट काढलं, भोवती पोवळ्याची भिंत काढली, आत उथळ पाणी दाखवलं. मोठे मासे भिंतीबाहेर, आपण आत. ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आई, तू गावाला पाण्यात जातेस?"

"जाते की."

"बाबा म्हणतात, साडीला लाट लागली तरी तू ओरडतेस."

हे वर्तमानपत्रामागे हसले. खरं तेच होतं. वीस वर्षं समुद्राचा आवाज ऐकत झोपले, पण गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नाही. आमच्या घरातल्या मुली पाण्यात जात नसत. समुद्र कोळ्यांचा आणि गणपतीच्या विसर्जनाचा. माझी पाटीवरची पोवळी पोरीने तिथल्या तिथे पुसली.

मग मला ती अक्कल सुचली, जी फक्त आमच्याकडच्या माणसालाच सुचू शकते. आठवड्यातून दोनदा दमणहून एक मासेवाली बाजारात यायची. तिच्या पाटीत एकदा लहान शार्क दिसला. ती त्याला मुशी म्हणत होती, आमच्याकडे मोरी म्हणतात. हातभर लांब, कातडी खरखरीत. मी तो घेऊन आले. उकळतं पाणी ओतून कातडी सोलली, भाजक्या खोबऱ्याचं वाटण घातलं आणि माहेरी करतात तसं मोरीचं मटण केलं. ओट्यावरच्या पाचही खोल्यांना कळलं की बाईंकडे आज मासे आहेत. शेजारणीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिने पदर नाकाला लावला आणि तरी दारातून हलली नाही.

ताट वाढून मी लेकीला म्हटलं, "हा बघ तुझा शार्क. तो आपल्याला खात नाही, आपण त्याला खातो. आणि आजचं नाही हे. तू झालीस तेव्हा आजीने मला चाळीस दिवस मोरी खायला घातली. आमच्याकडे बाळंतिणीला मोरीच देतात, दूध भरपूर येतं. तू त्याच दुधावर वाढलीस. कशाला घाबरतेस?"

मला वाटलं होतं, ती हसेल. तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे माझ्या अंगात शार्क आहे?"

"अगं, तसं नव्हे..."

"त्यांना वास येतो ना? पाण्यातलं रक्तसुद्धा लांबून कळतं त्यांना. मग त्यांना कळणारच की आपण त्यांची पिल्लं खाल्ली!" ती ताटावरून उठली आणि थेट शेजारच्या खोलीत गेली. माझ्या माहेरच्या कालवणाची ही शोभा. मी आणि हे समोरासमोर बसून जेवू लागलो.

भिंत एका विटेची होती, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. लेक हुंदके देत शार्कचं, दुधाचं, वासाचं सांगत होती. मी घास हातात धरून ऐकत राहिले.

शेजारीण म्हणाली, "माय वं! मंग तर बरंच झालं."

"बरं कसं?"

"तुझ्या आईनं खाल्ली, तिचं दूध झालं, ते तू प्यालीस. मंग ती तुझी दूधमाय नाही का झाली? वास येईल तर येऊ दे नं. त्यांना ओळख पटेल, ही तर आपलीच पोर. आपल्या पोरीला कोणी खातं का?"

मग लेकीने बारीक आवाजात विचारलं, "आणि मोरीच्या दुधावर न वाढलेल्यांना खातात? बाबांना?"

"ते तुझे बाबा पाहून घेतील," ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. पोरीचं रडणं थांबलं होतं. पण मोरी मी आणली, कातडी मी सोलली, बाळंतपण माझं, दूध माझं, आणि त्यातून गोष्ट केली तिने, जिने तो मासा नाकाला पदर लावून लांबून पाहिला. मी जळफळले. त्या रागात मी उरलेलं कालवण बाहेरच्या कुत्र्याला घातलं.

त्यानंतर तर तिने शाळाच उघडली. कारखान्यांतून रिकामी झालेली निळी पिंपं तेव्हा सिल्वासात घरोघरी असत. तिच्या नवऱ्याने कपडे धुवायला त्यातलं एक अर्धं कापून दिलं होतं. ते तिने भरलं. नवऱ्याने पारदर्शक नळीचा हातभर तुकडा आणून दिला. तापीकाठच्या गावात ती लहानपणी विहिरीत पोहलेली, एवढंच काय ते तिचं पाण्यातलं शिक्षण. रोज संध्याकाळी माझी मुलगी त्या पिंपात तोंड घालून नळीने श्वास घ्यायची आणि ती शेजारी उकिडवी बसून आकडे मोजायची.

"डोळे मिटू नको," ती सांगायची. "मिटले की डोक्यातला मासा मोठा होतो. उघडे ठेव, म्हणजे असंल तेवढाच दिसंल."

मी एकदा म्हटलं, "समुद्र म्हणजे काही पिंप नाही."

"नाही नं बाई," ती मनापासून म्हणाली. "कसा असतो तो? आमच्या घरात कोणीच नाही पाहिला."

दमण तिथून बसने तासाभरावर. आम्ही महिना-दोन महिन्यांनी रविवारी जायचो. चला आमच्याबरोबर, असं म्हणायला मला काहीच लागलं नसतं. मी म्हटलं, "मोठा असतो," आणि घरात गेले.

आम्ही लक्षद्वीपला पोचलो. मी तरंगायचं जॅकेट घालून काठाशी कमरेभर पाण्यात उभी राहिले आणि पुढे पाऊल उचलेना. तिथला शिकवणारा माणूस दुसऱ्यांकडे वळला. लेक काच कपाळावर सरकवून माझ्याकडे आली, माझा हात धरला.

"आई, घाबरू नकोस. नळीने श्वास घे, मी मोजते. आणि डोळे मिटू नकोस. मिटले की डोक्यातला मासा मोठा होतो."

मी डोळे उघडे ठेवले. खाली पिवळे पट्टे असलेले मासे होते, जांभळी पोवळी होती, आणि माझ्या हातात पोरीचा हात होता. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राने मला घाबरवलं नाही. आणि तरीही माझ्या कानात त्या बाईचा आवाज होता. इतक्या लांब, बोटीने दिवसभर येऊन, ती तिथे आधीच येऊन बसली होती. मला तिचा हेवा पाण्याखालीसुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात लेकीला एक शार्क दिसला. हातभर, पंखाचं टोक काळं. बाजारातून आणला तेवढाच. ती ओरडली नाही, पळाली नाही. तो वळून निघून गेला तेव्हा वर तोंड काढून मोठ्याने म्हणाली, "ओळखलं तिने! मावशीला सांगायला पाहिजे." निघताना तिने शाळेची पाण्याची बाटली त्या उथळ समुद्राच्या पाण्याने भरली, तळाला चिमूटभर पांढरी वाळू घातली आणि झाकण घट्ट लावलं. बाटली मावशीसाठी होती.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर पुण्याच्या एक आजी होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "एवढ्या समुद्राची भीती नाही वाटली गं?"

"मावशीने सांगितलं होतं," लेक म्हणाली आणि दूधमायेची सगळी गोष्ट सांगितली. आजी माझ्याकडे वळल्या. "तुमची बहीण हुशार आहे हो."

"बहीण नाही," मी म्हटलं. "शेजारीण आहे."

दुपारी लेक वरच्या बाकावर झोपली. मी बाटली उचलली. गळते आहे का बघू, असं मनाशी म्हणत बेसिनपर्यंत गेले. बाटली गळत नव्हती. मी झाकण उघडलं आणि सगळं ओतून दिलं, वाळूसकट. मग नळाचं पाणी भरून ती होती तिथे ठेवली. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

घरी पोचल्यावर लेक हातपाय धुवत होती, तेवढ्यात मी त्या बाटलीत चार चमचे मीठ घातलं आणि हलवलं. लगेच ती आली, बाटली घेतली आणि शेजारी पळाली. मी मागोमाग गेले. लेकीने काही ओळखलं तर, ही धास्ती होती.

शेजारणीने हात पदराला पुसले. बाटली दोन्ही हातांनी घेतली. झाकणात थोडं पाणी ओतून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"माय वं, केवढा खारट!" तिचे डोळे भरून आले. "पोरीनं खरंच आणला माझ्यासाठी. दिवाळीत गावी घेऊन जाईन बाई. माझ्या पोरीला दाखवीन. तिनं पण नाही नं पाहिला." मग ती माझ्याकडे वळली. "असाच असतो नं समुद्र?"

लेक बाटलीच्या तळाकडे पाहत होती. तिने बाटली उजेडात धरायला लावली, तिरकी केली.

"आई, खालची वाळू कुठे गेली?"

"विरघळली असेल," मी म्हटलं.

पाण्यात काय विरघळतं आणि काय विरघळत नाही, हा धडा मीच तिला शिकवला होता. पेल्यात मीठ घालून, पेल्यात वाळू घालून. तिने माझ्याकडे पाहिलं. भीती घालवायला मी पाटी काढली तेव्हासुद्धा तिने माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

मग ती शेजारणीकडे वळली आणि म्हणाली, "हो मावशी. अगदी असाच असतो."

ती माझ्या बाजूने बोलली. इतके महिने मला तेवढंच हवं होतं. शेजारणीने बाटली देवाच्या फळीवर ठेवली आणि आम्हाला चहा टाकला. त्या संध्याकाळपासून माझी मुलगी चपलाही आमच्याच दारात काढू लागली, आणि शाळेत काय झालं असं मी विचारलं की म्हणायची, "काही नाही."