तापात दिसलेले आबा

विज्ञानपट पाहताना हल्ली मला मळमळतं. मध्यंतरी लेकीने चिंचवडच्या मल्टिप्लेक्समध्ये नेलं. सिनेमातल्या नायकाला कळतं की त्याचं बालपण, त्याची आई, दारातलं झाड, सगळं यंत्राने त्याच्या डोक्यात भरलेलं आहे. मग एक टकला शास्त्रज्ञ संथ आवाजात म्हणतो की खरं काय, हे माणसाला कधी कळूच शकत नाही. लोक भारावून पॉपकॉर्न चावत होते. मला त्या वाक्यातून किडक्या दाताचा वास आला. कारण ते वाक्य मी बोललेलो आहे, तशाच संथ आवाजात, माझ्या बायकोला. काय झालं होतं ते आता लिहून ठेवतो.

तेव्हा मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो आणि आम्ही दिघीला राहत होतो. आम्ही काही सहकाऱ्यांनी सिनेमामंडळ काढलं होतं. रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये कॅसेट लागायची: परग्रह, यंत्रमानव, उसन्या आठवणी. नंतर चर्चा, आणि चर्चेत मी सगळ्यांच्या पुढे. जग खरं कशावरून? आठवण खरी कशावरून? सिद्ध करा. कुणालाच सिद्ध करता यायचं नाही आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. सोमवारी कारखान्यात मात्र मी केसभर चुकलेला पार्ट मायक्रोमीटर लावून परत पाठवायचो. तिथे खरं काय, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

अशाच एका रविवारी बायको तापाने फणफणून आतल्या खोलीत पडली होती. मंडळी यायची वेळ झालेली, आणि दारात सासरे उभे. बीडकडून एसटीने, न कळवता आलेले. धोतर मळलेलं, हातात पिशवी. खोकल्याची उबळ आली तसे ते जिन्याच्या कोपऱ्यात थुंकले. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता कारखान्यातले आपले साहेब सिनेमाला याच जिन्याने वर येणार.

"लेक कशी हाय, जावईबापू?"

"ताप आहे. आत्ताच डोळा लागलाय."

"मग उठवू नका. मी बसतो हितंच, कडंला."

"आज घरी लोक यायचेत हो. पुढच्या आठवड्यात या ना, निवांत."

त्यांनी माझ्या खांद्यावरून एकदा आत पाहिलं, "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. मी दार लावलं. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची शिसारी अजून गेलेली नाही.

मंडळी गेल्यावर बायको भिंतीला धरून बाहेर आली.

"अहो, आबा आले होते का? गॅलरीतून दिसले मला. बस स्टॉपकडे चालले होते. हाक मारायला गेले, पण आवाजच फुटेना."

"कुणी आलं नव्हतं."

"चाल त्यांचीच होती."

"ताप आहे तुला. मेंदू चित्रं तयार करतो, आत्ताच आम्ही सिनेमात पाहिलं. बाहेर दिसलं की डोक्यात दिसलं, हे तुझं तुला कसं कळणार?"

ती काही दिवस वाद घालत राहिली. दिवाळीच्या आधीच आबा गेले. दिवसकार्य उरकून आल्यावर तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आबांनी गावात कुणाजवळ शब्द काढला नव्हता. लेकीच्या घरची गोष्ट त्यांनी चारचौघांत नेली नाही. त्यांच्या त्या चांगुलपणावर मी निर्धास्त राहिलो.

पुढे मंडळात मी हा किस्सा उदाहरण म्हणून सांगू लागलो, ती पोह्यांच्या बश्या घेऊन उभी असताना. एक सहकारी म्हणाला, "राव, वहिनींनाच पडद्यावर घ्या. कॅसेट भाड्याने आणायला नको." सगळे हसले. तीही हसली. काही वर्षांनी ती स्वतःच सांगू लागली की, मला एकदा तापात आबा दिसले होते.

आता आम्ही मोशीत राहतो. अलीकडे तिच्या हातून दूध उतू जातं, माणसांची नावं सापडत नाहीत. लेकीने आम्हाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, पूर्वी कधी भास व्हायचे का?

"हो," लेक म्हणाली. "मी लहान असताना. आजोबा दिसले होते तिला. बाबाच सांगतात."

डॉक्टर म्हणाले, मग वेगळा विचार करायला हवा. वेगळ्या गोळ्या लागतील. आणि आई जे सांगतील त्याची घरच्यांनी खात्री करून घेत जावी. बायको टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती. म्हणजे इथून पुढे तिने कुणी आलं होतं म्हटलं, तर कुणीही ते खरं मानणार नव्हतं.

"भास नव्हता तो," मी म्हणालो. "ते आले होते. मीच दारातून परत पाठवलं."

"बाबा, आईसाठी उगाच काहीतरी बोलू नका," लेक म्हणाली.

बायकोने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अहो, ताप होता मला. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

माझ्याजवळ पुरावा नव्हता. जिना नाही, ते घर नाही, आबा नाहीत. इतकी वर्षं मी लोकांना सिद्ध करा म्हणत आलो, आता मला सिद्ध करता येत नव्हतं, आणि त्यात चहाबरोबर चघळण्यासारखं काही नव्हतं. रिक्षात घरी येईपर्यंत तोंड कडू झालं होतं.

मग एका सकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "पाणी दिलं होतंत त्यांना?"

"नाही."

"विचारलं तरी?"

"नाही."

तिने हातातलं पातळ खाली ठेवलं. "मला सोडवायला खोटं बोलला असतात, तर पाणी दिलं म्हणाला असतात."

तिने लेकीला फोन लावला. "डॉक्टरांना सांग, ते जुनं भासाचं काढून टाका म्हणावं. आबा आले होते." पलीकडून लेक काहीतरी बोलली. "नाही गं. बाबा म्हणतात म्हणून नाही. मी पाहिलं होतं म्हणून."

फोन ठेवून तिने उरलेल्या घड्या घातल्या. माझे कपडे तेवढे पलंगावर राहिले. ते मी उचलले.