गिरजा त्या पिक्चरला भेली नव्हती

तुमच्या सदरात मागे एका भावानं त्या मुखवटेवाल्या खुन्याच्या जुन्या इंग्रजी पिक्चरबद्दल लिहिलं. लय भारी, लय भयानक... अन् पुरावा काय, तर घाटंजीच्या व्हिडिओ हॉलातून एक बाई अर्ध्या खेळातून पळाली होती.

ती बाई म्हणजे माझी बायको, गिरजा. औंदा पोळ्याच्या आधी गेली. आता तिच्या बाजूनं बोलाले मीच उरलो.

मी चौथी पास. भूतबित मानत नाही. माझं वावर मसणाला लागून आहे, रात्री राखणीला एकटा राहतो, आजवर कोणी बिडी मागायला आलं नाही. तरी हे सांगतो.

कापसाचा भाव पडला होता ती वर्षं. आज ना उद्या चढेल म्हणून सारं गाव कापूस घरातच भरून ठेवे. आमचंही माजघर आढ्यापर्यंत भरलेलं, त्याला टेकून माझ्या आईची खाट. आई अन् गिरजा यांचा तेव्हा अबोला होता. कारण आठवत नाही... दोघींना कारण लागतही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी, दुपारी, आम्ही दोघं पिक्चरला बसलो. खुनी सुरा घेऊन पोरीच्या मागं. बाया पदर तोंडात धरून बसल्या, अन् आमची फुटाणे खात म्हणते, "हा काय वावर मोजून राह्यला? एवढ्या हळू चालणाऱ्याच्या हाती सापडते म्हणजे पोरगीच ढिली हाये."

"काकू, चूप बसा ना!" मागून कोणी ओरडलं.

"तू भे ना बाप्पा, म्या कुठं अडवलं?"

अन् एकदम फुटाण्याचा पुडा माझ्या मांडीवर टाकून उठली. "चाला. बुढी हाका मारून राह्यली."

"इथं? घर दोन कोस हाये!"

"तुमी बसा मंग. मी चालली."

हॉल हसला — "काकू भेली, काकू भेली!" मी चिडतच मागं गेलो. ओळखीच्याची फटफटी मिळाली, तिघं बसून घरी आलो.

दार उघडलं तर धूर. थंडी वाजते म्हणून आईनं शेगडी आत घेतली होती, अन् कापूस आतल्या आत धुमसत होता. मी पाण्याकडं धावलो. गिरजा नाकाला पदर लावून सरळ आत गेली, अन् सासूला पाठुंगळी घेऊनच बाहेर आली.

आई शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "तू हिले हाक मारली काय?"

"मी कायले मारू? मी झोपली होती. अन् मारली असती तं तुले मारली असती. हिच्याशी मी बोलत नाई."

"नका बोलू," गिरजा म्हणाली. "पाणी प्या."

पुढच्या बाजारी हॉलवाला भोंग्यावर पुकारत होता — बाई पळाली असा पिक्चर!

ती हाक कोणाची, दोन कोसांवर कशी ऐकू आली... गिरजाला किती वेळा विचारलं. "आली ऐकू," एवढंच म्हणे. मलाही त्याच्यापुढं आजवर काही सुचलेलं नाही.

पिक्चरचं मात्र सांगतो. मागं वाजणारा बाजा चांगला, खुनी मठ्ठ. तुम्हाला भ्याचं असेल तर खुशाल भ्या, त्याला मोठा म्हणा. पण त्याचं नाव माझ्या बायकोच्या पळण्यावर मोठं करू नका. ती पळाली ते धुरात शिराले.