तारेला पाजलेलं पाणी

नाचणगावात पाणी वळवावं ते चिंधूनंच. कोरडा पाट आधी स्वतः पितो, त्याचं पोट भरलं की मगच शेवटच्या वाफ्यात पाणी उतरतं, हे त्याच्या पायांनाही ठाऊक होतं. विजेचं मात्र त्याला काही ठाऊक नव्हतं. तरी सत्तावन्न सालच्या वैशाखी पौर्णिमेला विहारात बल्ब लावायचं काम त्यानंच अंगावर घेतलं.

वस्तीनं धम्म घेतल्यानंतरची ती पहिली बुद्धपौर्णिमा. चिंधूची सून सुलोचना नुकतीच वाचायला शिकली होती. बुद्धाचं चरित्र साऱ्या वस्तीपुढे तीच वाचणार होती.

वीज घ्यायची सदाशिवरावांच्या दुकानातून, आणि विहार पार नाल्यापलीकडे. चिंधूनं भंगारातली बारीक लोखंडी तार तुकड्याला तुकडा पिळून बांबूंवरून नेली. बटण दाबलं, तर बल्बात नुसती लाल रेघ. त्यानं मोठा बल्ब आणला. उजेड आणखीच कमी! चिंधू चक्रावला.

मग त्याला वाटलं, तार कोरडी असणार. पौर्णिमेच्या सकाळपासूनच त्यानं बल्ब चालू ठेवला.

"काऊन रे चिंधू," सदाशिवराव दुकानातून ओरडले, "सूर्याले दिवा दाखवून राह्यला का?"

"तार पिऊन राह्यली, शेटजी. भरू द्या तिचं पोट."

सांजेला वस्ती जमली. बल्ब तसाच, विझत्या निखाऱ्यासारखा. सुलोचनानं पुस्तक बल्बाखाली धरलं, मग दारातल्या चांदण्यात.

"मामाजी, तुमच्या बल्बापरीस चंद्र बरा जी!"

लोक हसले. ती हसली नाही. नवी नवी अक्षरं, एकही जुळेना.

चिंधूनं बल्ब काढला आणि तारेखालून उलट चालत निघाला. पाट फुटला की असंच चालायचं असतं. दुकानात, तार जिथून निघाली तिथंच त्यानं बल्ब लावून पाहिला. डोळे दिपले.

"बारीक तारेत जोर वाटेतच जिरते म्हणतात," सदाशिवराव म्हणाले.

"जिरते, तं ओल कुठं हाये जी?"



पाणी पोचत नाही, तर रोपच पाण्याजवळ न्यावं. चिंधूनं नाल्याकाठून हाक दिली, "सुलोचना, समद्यायले घेऊन इकडंच येजो!"

दुकानाच्या ज्या ओट्याखाली उभं राहून वस्तीनं आजवर मीठमिरची घेतली, त्या ओट्यावर सुलोचना बसली. शेटजी क्षणभर थबकले, मग सरकीची पोती त्यांनीच बाजूला ओढली. ती अडखळत, बोट ठेवून वाचू लागली.

चिंधूचं लक्ष मात्र नाल्यापलीकडे गेलेल्या तारेकडे. दिवसभर पाणी सोडलं होतं. आणि तिच्याखाली गवताची एक काडीही हिरवी झाली नव्हती.