आजोबांच्या फोटोमागचा एसी

पास्कल तिसऱ्यांदा त्या स्टुलावर चढला होता आणि एसीत काहीही बिघाड नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी सोफ्यावर बसून चहा पीत होतो. चूक माझी होती आणि बोलणी तो खात होता.

"पास्कल, दर वेळी तू आलास की हा चालतो," सावंत म्हणाले. "तू जिना उतरलास की परत बंद. जादू करतोस काय?"

"हात लावून बघा ना साहेब. कशी गार हवा येतेय."

"आत्ता येतेय रे. संध्याकाळी ये. आम्ही सगळे पंखा लावून, बनियनवर बसलेलो असू."

पास्कलने माझ्याकडे बघितलं. "मिलिंद, हे पुढचं दार चालू असताना उघडं ठेवतात ना?"

सावंतांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हो रे. मीच सांगून ठेवलंय त्यांना."

हे खोटं होतं. ते कसं तोंडातून निघालं हे सांगायचं तर आधी ते दार काय होतं ते सांगायला हवं.

मी इंटिरियरची कामं करतो. मोठी नाही. मुलुंड, भांडुप, घाटकोपर इथली वन बीएचके, वन आरके. छोट्या घरात निम्मं काम लपवण्याचं असतं. विजेचा मीटर लपवा, गॅसचा पाइप लपवा, बाथरूमच्या बाहेर आलेला गीझर लपवा. लोकांना घर मोठं करता येत नाही, तेव्हा ते निदान नीटनेटकं तरी दिसावं असं त्यांना वाटतं. त्यात गैर काही नाही. माझं पोट त्यावरच चालतं.

सावंतांचं घर भांडुपला, तिसऱ्या मजल्यावर. सावंत, त्यांच्या मिसेस, लग्नाला आलेली मुलगी तेजल आणि सावंतांची आई. मूळचे कणकवलीकडचे. आजींची मालवणी पन्नास वर्षं भांडुपला राहूनही तसूभर हललेली नाही. हॉलमध्ये एकच धड भिंत होती आणि त्या भिंतीच्या मधोमध एसी. तेजलला तो एसी डोळ्यांसमोर नको होता.

"काका, हे बघा," म्हणत तिने मोबाइल पुढे केला. तिची एक मैत्रीण डब्लिनला असते, तिच्या घराचा फोटो होता. तिकडे थंडीत खोली गरम ठेवायला भिंतीला, जमिनीलगत, लोखंडी पन्हळींचा एक सांगाडा असतो. त्यातून गरम पाणी फिरतं. त्याला रेडिएटर म्हणतात. दिसायला अगदीच गिरणीतल्या वस्तूसारखा. म्हणून लोक त्याच्यावर लाकडी कव्हर घालतात, पुढे वेताची जाळी, वर छोटी फळी, फळीवर कुटुंबाचे फोटो. फारच देखणं काम होतं. मलाही हेवा वाटला.

"असंच आपल्या एसीला करा ना."

मी केलं. सागवानाची चौकट, पुढे वेताची विणलेली जाळी, खाली पितळी पट्टी. पुढचं दार वरच्या बाजूला उचलून उघडायचं, गाडीच्या डिकीसारखं. एसी लावताना दार वर, बंद केल्यावर दार खाली. मी आयुष्यात केलेल्या सुंदर कामांपैकी ते एक. अजूनही म्हणतो.

शेवटच्या दिवशी हिशेब संपवून निघत होतो तेवढ्यात आजी आतून एक मोठा फोटो पदराने पुसत आल्या. सावंतांचे वडील. कोट, टोपी, मिशा, चंदनाचा हार.

"झिला, हेंका खय लावतलंस?"

फोटो आधी त्याच भिंतीवर होता. कामाच्या वेळी आम्ही काढून कपाटावर ठेवला होता आणि मी त्याला साफ विसरलो होतो. आता भिंतीवर जागाच उरली नव्हती. आजी फोटो छातीशी धरून उभ्या. मला फार अपराधी वाटलं. आणि मला अपराधी वाटलं की मी समोरच्याला आवडेल ते बोलतो, हा माझा जुना रोग आहे.

"इथेच लावूया की आजी," मी म्हणालो आणि वेताच्या दाराच्या मधोमध, चौकटीच्या पट्टीवर, स्वतःच्या हाताने हूक मारला. फोटो तिथे असा शोभला की तेजलने टाळ्या वाजवल्या.

आजींना मात्र शंका. "आणि एशी लावताना ह्या दार वर करूचा ना? मग हे आढ्याकडे बघीत उताणे पडतले. जित्ते आसताना दुपारचे कधी आडवे झाले नाय."

सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "दार उघडायची गरजच नाही आजी. जाळी आहे ना. जाळीतून हवा येते."

चूक ती. तेव्हाही मला माहीत होतं.

एसीचं गणित सोपं आहे. भिंतीवरचा एसी वरच्या बाजूने खोलीतली हवा आत ओढतो आणि खालच्या फटीतून गार करून बाहेर सोडतो. त्याच्या पुढ्यात जाळीचं दार आणि वर एवढा मोठा काचेचा फोटो आला की गार हवा खोलीत जात नाही. खोक्यातच वळून परत वर ओढली जाते. एसीला वाटतं, खोली गार झाली. तो थांबतो. इकडे खोली तापलेली. रेडिएटरला हे चालतं, कारण तो खाली असतो आणि गरम हवा आपोआप वर जाते. त्यातूनही थोडी ऊब वाया जातेच. एसीला अजिबात चालत नाही. वर आणखी एक भानगड. खोकं आतून गार, बाहेर मुंबईची दमट हवा. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसा खोक्याला घाम येतो आणि तो थेंबाथेंबाने खाली पडतो. खाली सोफा.

दिवाळीनंतर काम झालं तेव्हा कोणाला काही कळलं नाही, एसी लावायचे दिवसच नव्हते. मार्चमध्ये तक्रार सुरू झाली. सावंतांनी मला नाही, पास्कलला फोन केला. ते बरोबरच होतं. एसी पास्कलने बसवला होता.

पास्कल कांजूरच्या गावठाणातला. त्याचं घराणं पिढ्यान्पिढ्या तिथलं, शेती गेली, घर राहिलं. माझ्या साइटवर एसीचं काम कायम तोच करतो. काम चोख, तोंड जरा फटकळ. त्या सोसायटीच्या तिन्ही विंगमधले निम्मेअधिक एसी त्याच्याकडे. प्रत्येक वेळी तो आला, आजींनी फोटो काढून मांडीवर घेतला, त्याने दार वर केलं, फिल्टर धुतला, पाइप तपासला, एसी सुरू केला. एसी झकास. तो गेला, दार खाली, फोटो जागेवर, एसी बंद. तो ज्या एसीची परीक्षा घेत होता तो उघडा एसी होता. सावंत ज्या एसीखाली बसत होते तो बंद खोक्यातला.

तर त्या तिसऱ्या भेटीत, जिला पास्कलने मलाही सोबत नेलं होतं, मी म्हणालो, हो रे, उघडंच ठेवतात. सावंतांना वाटलं, तपासणीच्या वेळी दार वर करण्याबद्दलच चाललंय, त्यांनीही मान डोलावली. त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारच्या विंगमधल्या दोघांनी मला तसंच कव्हर करायला सांगितलं होतं. शिवाय त्या भिंतीचा फोटो मी जिथे तिथे दाखवत फिरत होतो. हे बोलायला लाज वाटते, पण कारण एवढंच.

खाली उतरल्यावर पास्कल स्कूटरला किक न मारता उभा राहिला.

"सावंतने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, ठाऊक आहे? पास्कल वारंवार येतो आणि काम करत नाही. काल बी विंगच्या दोघांनी सर्व्हिसिंग कॅन्सल केली."

"होईल रे ठीक."

"काय ठीक होईल? मला सापडत नाही, मिलिंद. इतकी वर्षं हेच केलं आणि आता एक साधा एसी मला सापडत नाही. तुझ्या पुढच्या साइटला दुसरा माणूस बघ. तुझी बदनामी नको."

माझी बदनामी नको. त्याला माझी काळजी. मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चल, वडापाव खाऊ." त्याने खाल्लासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी तेजलचा साखरपुडा होता, घरीच. मला आग्रहाचं बोलावणं. मुलाकडची मंडळी बोरिवलीहून आली. मे महिना, दुपारची वेळ, त्या हॉलमध्ये दोन्ही घरची माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. मुलाच्या वडिलांना मानाने सोफ्यावर, नेमकं फोटोखाली बसवलं. एसी सुरू झाला, थोडी सुखाची झुळूक आली आणि थांबली. रुमाल निघाले. तेजलचा मेकअप उतरायला लागला. मुलगा कोट काढावा की नको या विचारात.

अंगठ्या घालायच्या आधी मुलाच्या वडिलांच्या टकलावर एक थेंब पडला. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, वर बघितलं. वर आजोबा. दुसरा थेंब पडला.

"हे काय गळतंय?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "तेंका घाम फुटलो आसतलो. नातीचा लगीन ठरला ना."

मुलाचे वडील आधी बावरले आणि मग असे खदखदून हसले की सोफा हलला. मग सगळे हसले. सावंत सोडून. सावंत लाल झाले होते. "त्या पास्कलला मी आज सोडत नाही," असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये. व्याह्यांसमोर माझी लाज काढलीस तू."

कांजूर जवळच. पास्कल रविवारचे चर्चचे कपडे घातलेलाच आला, हातात हत्यारांची पिशवी. दारात थबकला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती. त्याने चपला काढल्या आणि तो मान खाली घालून स्टुलाकडे निघाला.

ती खाली घातलेली मान मला बघवली नाही. मी उठलो.

"थांब पास्कल. स्टुलावर मी चढतो."

मी फोटो काढला.

"तेंका खय नेतंस रे?" आजी.

"समोर बसवतो आजी. तिथून त्यांना काही दिसतच नव्हतं." एक खुर्ची रिकामी करून घेतली, तिच्यावर आजोबांना बसवलं, अगदी नवऱ्यामुलाच्या शेजारी. आजींनी त्यांचा हार सारखा केला. मग पास्कलकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. थोड्या वेळाने गार हवा सुटली ती थेट समोरच्या रांगेपर्यंत. एक लहान मुलगी दोन्ही हात पसरून हवेत उभी राहिली. मुलाने कोट घातलेलाच ठेवला. अंगठ्या घातल्या गेल्या, पेढे वाटले गेले, मुलाचे वडील आजोबांच्या खुर्चीपुढे पेढा ठेवून म्हणाले, "तुम्ही घाम गाळून सांगितलंत म्हणून कळलं बरं का."

नंतर मी ते दार दुसऱ्या भिंतीला आरशाची चौकट म्हणून बसवून दिलं. आजोबा आता दरवाजासमोर आहेत, कोण आलं कोण गेलं ते बघतात. शेजारच्या विंगमधल्या दोघांनाही कव्हर करणार नाही असं सांगितलं आणि त्याऐवजी भिंतीला एसीच्याच रंगाचा पट्टा मारून दिला. एसी त्यात निम्मा लपतो, फुकट लपतो आणि श्वासही घेतो. जी वस्तू हवेवर चालते ती झाकून मागणाऱ्याला मी आता आधी चहा पाजतो आणि मग नाही म्हणतो.

पण त्या दुपारी एवढ्यावर भागणार नव्हतं. दार उतरवल्यावर मी आधी पळवाटच शोधली. "डिझाइनमध्ये जरा गडबड होती," असं मोघम म्हणालो. सावंत म्हणाले, "मग पास्कलला तीन वेळा येऊन ती दिसली नाही?" आणि पास्कल पुन्हा खाली बघायला लागला.

तेव्हा मी सावंतांचा मोबाइल मागितला. त्यांना वाटलं फोटो काढायचाय. "सोसायटीचा ग्रुप उघडा," मी म्हणालो. पास्कल म्हणाला, "जाऊ दे रे, आनंदाचा दिवस आहे." मी नकारार्थी मान हलवली, आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून धरलं आणि त्याच्याकडे बघत बोललो.

"मी मिलिंद, सावंतांच्या घराचं इंटिरियर केलेला. त्यांचा एसी कधीच बिघडलेला नव्हता. मी त्याच्यापुढे दार लावलं, दारावर फोटो लावला आणि हवा येईल असं खोटं सांगितलं. पास्कलने मला विचारलं, दार उघडं ठेवतात ना, तेव्हा मी परत खोटं बोललो. त्याचं काम चोख होतं. पास्कल, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुला स्टुलावर चढू दिलं. मला माफ कर."