पाचावरची टिकली

गहिनीनाथला डोळे नव्हते, पण कान असे तिखट की वडवणी स्टँडवरच्या त्याच्या एसटीडी बूथमध्ये खोटं बोलायला माणसं कचरायची. बूथ कधीच बंद पडला, संशय मात्र दुकान मांडून बसलेलाच. दूधवाला पाणी घालतो, मुलगा गोष्टी लपवतो आणि सून सायली तर फोन लावतच नाही, हे त्याचं पक्कं ठरलेलं.

बटणांचा फोन होता तोवर कुणाची मिजास सांभाळावी लागत नव्हती. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. तो बोटाला लागला की बाकीचे आकडे आपोआप हाताखाली. तो फोन मोडला आणि मुलानं काचेचा आणून दिला. गुळगुळीत, मुका. आता पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीशी, संस्कृतीशी बोलायचं म्हणजे सायलीची विनवणी. ती फोन घेऊन अंगणात जायची आणि परत येऊन म्हणायची, "मामा, लागत न्हाई."

"माज्याच लेकीचा बरा लागत न्हाई!" तो पुटपुटायचा. दिवाळीपासून लेकीचा आवाज नव्हता. जीव नुसता तुटत होता.

शेवटी तो एकटाच रिक्षानं बजरंगच्या मोबाइल दुकानात गेला. बजरंगनं काचेवर पाचाच्या जागी एक आणि फोन लावायच्या जागी एक टिकली चिकटवली. आकडा दाबला की फोन बोटाखाली थरथरेल, अशी सोयही केली.

"आन् उगंच थरथरला तर?" गहिनीनाथनं विचारलं. दुकानातल्याच फोनचा नंबर लावून, तो वाजलेला ऐकला तेव्हा कुठे उठला.

घरी दार लावून त्यानं लेकीचा पाठ असलेला नंबर दाबला. टिकलीवरून वर, खाली, बाजूला. दर आकड्याला थरथर. रिंग गेली. लागतो की! आता सुनेला चांगली फैलावर घेतो, असं मनात येतंय तोच पलीकडून आवाज आला.

"वहिनी, आजबी लागत न्हाई म्हना ना. अण्णा लई इचारतेत. कुठं हायस, संगं कोन हाय... कोर्टात उभं केल्यागत. न्हाई सहन होत आता."

सून खोटं बोलते, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. कुणासाठी, ते मात्र नाही.

"संस्कृती, मी हाय. माजा मीच लावलाय."

तेवढ्यात तिच्या मागं कुणी पुरुष हळूच काही बोलला. प्रश्न गहिनीनाथच्या जिभेवर आला. त्यानं तो गिळला.

"काय इचारत न्हाई मी," तो म्हणाला. "तुजा आवाज पायजे व्हता फकस्त."

मग तीच म्हणाली, "मागं अनिल हाय, अण्णा. तुमाला भेटायचं म्हनतो."