स्पॅममध्ये गेलेलं स्थळ

आमच्या वधू-वर मंडळाची मेल मी पाठवतो. पाठवत होतो म्हणा. निवृत्त माणूस दिसला की समाज त्याच्या गळ्यात काहीतरी बांधतोच, माझ्या गळ्यात हे आलं. आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, पण पोरींचे फोटो कुठून कुठं फिरायला लागले. मग ठरलं, मेल करायची. गेवराई, तलवाडा, उमापूर, सगळीकडच्या बापांचे पत्ते गोळा केले आणि दर महिन्याला सगळे बायोडाटा एकत्र धाडायला लागलो.

यंदा माझा जीव अडकला होता तो पुतणीपायी. भाऊ वारला तेव्हापासून ती आमच्याकडेच. दवाखान्यात नर्स आहे. तिशी उलटली तरी येईल त्या स्थळाला "बघू" म्हणायची. मंडळाच्या यंदाच्या वधू-वर मेळाव्यात मात्र एका मास्तराशी निवांत बोलत बसली आणि घरी येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, हे चालतंय मला." बायको तर रडायलाच लागली. मुलाचे वडील मला म्हणाले होते, "बायोडाटा मेल करा, घरात दाखवतो अन् कळवतो." मी त्याच दिवशी मंडळाच्या मेलवरून पाठवला.

उत्तर नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. पुतणी विचारायची काही नाही, पण मी मोबाइल हातात घेतला की तिचा भाजी निवडणारा हात थांबायचा. बायको म्हणायची, लावा की फोन. मी म्हणायचो, मुलीकडच्यांनी किती मागं लागायचं? त्यांना नसंल पसंत, तर कशाला आपली शोभा करून घ्यायची!

मग लातूरहून येताना मांजरसुंब्याला चहाला उतरलो, तर ढाब्यावर तेच गृहस्थ, मास्तराचे वडील. जयभीम झाला. मी घुश्शातच होतो. तेच म्हणाले, "साहेब, तुमी बायोडाटा धाडलाच न्हाई. लई वाट बघितली आमी. मागच्या आठवड्यात पोराचा साखरपुडा झाला."

मी त्यांना तिथंच मोबाइल उघडायला लावला. बायोडाटा आलेला होता. स्पॅममध्ये, लॉटरी लागल्याच्या आणि टक्कल घालवायच्या जाहिरातींच्या मधोमध. बिचारे माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे.

घरी आलो आणि आरडाओरडा सुरू केला. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती खालच्या मानेनं म्हणाली, "पप्पा, मंडळाच्या मेलवर बऱ्याच लोकांनी स्पॅम दाबलं की मग ती सगळ्यांकडेच तिकडं जाते."

"कुणी दाबलं? अन् कावून?"

मी एकेका बापाला फोन लावला. एक म्हणाला, "स्पॅम म्हंजे काय असतंय?" दुसरा म्हणाला, "मेलचं पोरीला माहीत. तिच्याच मोबाइलमधी हाय." तिसराही तेच. माझी ट्यूब तेव्हा पेटली. बापांच्या नावाच्या सगळ्या मेल पोरींच्या हातात होत्या!

"आमी पोरींनीच दाबलं," मुलगी म्हणाली. "माझा फोटो, माझी उंची, माझा रंग दर महिन्याला अख्ख्या जिल्ह्याला कशाला? काढा म्हणून कितींदा सांगितलं. तुमी नुसतं हो हो करता."

"अगं, तुझ्या ताईचं ठरत आलेलं मोडलं ना!" मी ओरडलो. ती पांढरी पडली. मेलच्या कंपनीला विचारावं म्हटलं, तर तिथं विचारायला माणूसच नाही. पोरींनी दाबलेलं मागं घेतलं, तरी झालेला साखरपुडा मागं येतोय का?

मुलगी हमसून रडायला लागली तशी पुतणी आतून आली. तिच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, "हिला बोलू नका, काका. मीबी दाबलंय."

मला आठवलं, यादीत तिच्या बापाच्या जागी मी तिचाच पत्ता घातला होता.

"तू? तू कावून?"

"मेळाव्याच्या आधी दाबलं," ती म्हणाली. "तवा मला कुणीच नको होतं."