नत्थूजींचा अंगठा

नत्थूजी रामटेके यांनी उभ्या आयुष्यात एकच वाद्य वाजवलं, आणि तेही आपोआप वाजणारं. नागपुरात भीमगीतांचे कार्यक्रम करणाऱ्या त्यांच्या पार्टीत बायको कांताबाई गायच्या, आणि नत्थूजी त्यांच्या डाव्या हाताला मांडी घालून ड्रम मशीन सांभाळायचे. मशीन करड्या रंगाची, मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनीच म्हणून घेतलेली. एकदा चालू केली की ड्रम काय, झांज काय, सगळं ती एकटी वाजवी. मग नत्थूजी तिथं नेमकं करतात काय, असा प्रश्न लोकांना पडे. एक गोल बटण अंगठ्याखाली धरून बसलेले दिसत, एवढंच.

कांताबाईंना असले प्रश्न पडत नसत. ठेक्याला पक्की बाई म्हणून इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत त्यांचं नाव होतं, आणि ते त्यांना कमीच वाटे. "माणसाच्या तालाचं काय सांगता गा, आज आहे तं उद्या नाही," त्या म्हणत. "मी मशीनवर गातो. इतक्या वर्षांत एक ठोका तरी सुटला काय?"

खरी गोष्ट अशी की कांताबाई मशीनवर कधी गायल्याच नव्हत्या. लांब ओळीला त्यांचा दम संपत आला की त्यांचा खांदा जरा वर येई. नत्थूजींना तो दिसे, आणि अंगठा बटण हळूच मागं फिरवी. मशीन सुस्तावे, बाई नेमक्या ठेक्यावर उतरत, लोक टाळ्या वाजवत. वय वाढलं तसं अंगठ्याचं काम वाढलं. हे गुपित नत्थूजींनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. शेवटी घरातच जेवायचं होतं.

मग पार्टीत त्यांची पुतणी रोशनी आली, नवाकोरा कीबोर्ड घेऊन. त्या एका पेटीत ड्रम, बेस, बासरी, सगळंच होतं. चार जणांनी गोड शब्दांत सुचवलं की मशीन आता घरी राहू द्यावी, आणि नत्थूजींनी पुढच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसावं. नत्थूजींना त्या खुर्चीची धडकीच भरली. तिथून कांताबाईंचा खांदा दिसला असता, पण अंगठ्याखाली बटण नसतं.

"दोनी संग वाजले पायजेत," ते रोशनीला म्हणाले. "जोड."

"मोठेबाबा, कीबोर्ड मिडीवर चालते. ती वाद्यांची आपसात बोलायची भाषा आहे. तुमची मशीन तिच्या आधीची आहे."

मशीनच्या पाठीला पाच भोकांचं सॉकेट होतं. ते कंपनीनं उदबत्तीसाठीच दिलंय, अशी नत्थूजींची प्रामाणिक समजूत; प्रत्येक कार्यक्रमाआधी ते त्यात उदबत्ती खोचत. रोशनीनं सुईनं काड्यांचे तुकडे उकरून काढले. मिडीची तार त्यात अगदी नेमकी बसली. बसली, आणि काहीच झालं नाही. जुन्या मशीनला नुसते ठोके कळत. कीबोर्ड काय बोलतो ते तिच्या गावीही नव्हतं. शेवटी रोशनीनं एका वाद्याचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगणारी एक डबी मागवली. ती मधे लावली, मशीनमागचा खटका एका बाजूला सरकवला, आणि दोन्ही वाद्यं एका दमात वाजू लागली. नत्थूजींनी सगळ्या पार्टीला तर्री-पोहे खाऊ घातले.

जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम बुद्धविहारात होती. लांब ओळ आली. खांदा वर आला. अंगठ्यानं बटण मागं फिरवलं, आणखी फिरवलं, पार फिरवलं. बटण फिरत होतं, मशीन मात्र आपल्याच नादात पुढं चालली होती. कांताबाई अडखळल्या. पुन्हा गायल्या, पुन्हा अडखळल्या. मग ओळ अर्ध्यावर टाकून खाली बसल्या.

"माझा गळा गेला वाट्टे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जयंतीले दुसऱ्या कोणाले उभं करा."

नत्थूजींनी रोशनीला बाहेर नळाजवळ नेलं. "मशीन काहून ऐकून नाही राहिली माझं?"

"आता ती कीबोर्डचं ऐकते न, मोठेबाबा. तुमच्या बटणाचं कामच नाही उरलं. पण ठेका पाहा, एकदम परफेक्ट!"

"परफेक्ट आहे, तोच तं लोचा आहे," नत्थूजी म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी अंगठ्याची सगळी गोष्ट सांगितली.

रोशनी हसली नाही. "मोठीआईले माहीत आहे?"

"तिले सांगशीन तं याद राख."

आत येऊन रोशनीनं मशीनमागचा खटका दुसऱ्या बाजूला सरकवला, डबीवरची कळही उलटी फिरवली. "आता कीबोर्ड मशीनचं ऐकीन," ती म्हणाली.

जयंतीच्या संध्याकाळी विहाराचं पटांगण भरलं होतं. कांताबाईंना नत्थूजींनी हातापाया पडून उभं केलं होतं. लांब ओळ आली, खांदा वर आला, अंगठा फिरला. मशीन सुस्तावली, डबीनं ते कीबोर्डला कळवलं, आणि बेस, बासरी, सगळी नवी विद्या कांताबाईंच्या श्वासासाठी निमूट थांबून राहिली. बाई ठेक्यावर अशा उतरल्या की मागची माणसं उभी राहिली. नत्थूजींचे डोळे भरून आले.

"पाह्यलं वं रोशनी?" खाली उतरल्यावर कांताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मशीनच बिगडली होती, गळा नाही. तू पण मशीनच्या संग राहत जाय. तुयं मधात मागं पडून राहिलं होतं."

"हो, मोठीआई," रोशनी म्हणाली.

"अन तुमी जी? बसल्या जागी दुसरं काम काय तुमाले? मशीन तरी नीट ठेवत जा."

"ठेवतो," नत्थूजी म्हणाले. त्यांनी दुपट्ट्यानं मशीन पुसली आणि बटणाकडे पुन्हा एकदा पाहिलं. आज त्या शेवटच्या ओळीला ते पार टोकाला जाऊन टेकलं होतं. त्याच्या मागं फिरवायला आता जागा नव्हती. बायकोला सांगायची नाही अशी ही दुसरी गोष्ट झाली.